ट्रॅकबॉल घ्यायचाय? आधी ठरवा, चेंडू कोणत्या बोटाकडे द्यायचा

सोनोग्राफी करताना डॉक्टरांचा दुसरा हात कुठे असतो, ते पुढच्या वेळी नीट बघा. एक हात प्रोब धरून पोटावरून फिरत असतो आणि दुसरा मशीनच्या पॅनेलवर बसवलेल्या एका चेंडूवर टेकलेला असतो. बोटांनी चेंडू किंचित फिरवला की पडद्यावरची खूण सरकते. एक खूण बाळाच्या डोक्याच्या या कडेला, दुसरी त्या कडेला, बटण दाबलं की मधलं अंतर मिलिमीटरमध्ये समोर. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरची नजर न हलवता, हात जागचा न उचलता इतकं बारीक काम त्या चेंडूवर होतं. हाच ट्रॅकबॉल. स्वतंत्र डबीत बसवला की तो टेबलावरच्या माउसची जागा घेतो.

माउसमध्ये आपण अख्खं यंत्र टेबलावर सरकवतो. ट्रॅकबॉलमध्ये यंत्र जागेवर राहतं, फिरतो तो फक्त चेंडू. आत बसवलेला सेन्सर चेंडूच्या पृष्ठभागाकडे सतत बघत असतो आणि तो कुठल्या दिशेला किती फिरला ते ओळखून पॉइंटर तसा हलवतो. ही कल्पना माउसपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये असा फिरता चेंडू सुचवला होता. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी जो ट्रॅकबॉल तयार झाला, त्यात चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवलेला होता. डग्लस एंगलबार्ट यांच्याकडचा पहिला माउस त्यानंतरचा, १९६४ चा.

नागपुरात पडद्यावर बारीक काम करणारे हात खूप आहेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सगळी इथलीच. नकाशे, खाणींचे आराखडे, उपग्रहाची चित्रं हे या शहराला नवं नाही. मी स्वतः नकाशे डिजिटाइझ करतो, म्हणजे त्यातल्या रेषा बिंदू-बिंदूने संगणकात उतरवतो. शिवाय महाल भागातले डीटीपीवाले (छपाईचा मजकूर संगणकावर मांडणारे), आर्किटेक्टकडचे ड्राफ्ट्समन, इतवारीत टॅलीवर दिवस काढणारे अकाउंटंट. लग्नसराईत पत्रिकांचं काम जोरात असताना एक ओळखीचा ऑपरेटर उजवा हात झटकत मला म्हणाला, "दादा, हे पुरं मनगट दुखून राह्यलं, पण काम थांबवता येते का?" अशा लोकांना कोणीतरी सांगतं की ट्रॅकबॉल घे. मग ते बर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन शोधायला जातात आणि डीपीआय (पॉइंटर किती चपळ सरकतो त्याचा आकडा), बटणांची संख्या, वायरलेस की वायरचा, अशा माहितीत हरवून जातात. डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेल्या गोष्टी निवडीत सगळ्यात कमी महत्त्वाच्या असतात, असं माझं ठाम मत आहे. पहिला प्रश्न एकच विचारायचा: चेंडू फिरवण्याचं काम हाताच्या कोणत्या भागाकडे जाणार? आराम आणि नेमकेपणा, दोन्हींचं उत्तर बरंचसं तिथेच ठरतं.

अंगठा की बोटं

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चेंडू डाव्या कुशीत असतो आणि तो उजव्या अंगठ्याने फिरवायचा. बाकी रचना माउससारखीच: तर्जनीखाली डावं क्लिक, मधल्या बोटाखाली उजवं, मध्ये चाक. लॉजिटेकचा एर्गो एम५७५ आणि एमएक्स एर्गो हे या प्रकारातले सगळ्यात ओळखीचे. दोन्हींचा चेंडू ३४ मिलिमीटरचा. दुसऱ्या प्रकारात चेंडू मधोमध असतो, दोन-तीन बोटांनी फिरवायचा, आणि क्लिक बहुतेक वेळा अंगठ्याने करायचं. केन्सिंग्टनचा ऑर्बिट (४० मिलिमीटर), एक्स्पर्ट माउस (नावात माउस असला तरी ट्रॅकबॉलच) आणि स्लिमब्लेड (दोन्ही ५५ मिलिमीटर), एलेकॉमचा ह्यूज (५२ मिलिमीटर) हे त्यातले.

अंगठ्याचा प्रकार अंगवळणी लवकर पडतो. हात माउसवर असतो तसाच ठेवायचा, फक्त मनगट हलवायचं सोडून अंगठा हलवायचा. पहिल्याच दिवशी मेल वाचणं, फाइली उघडणं जमून जातं. पण अंगठ्याच्या हालचालीची एक मर्यादा आहे. तो मुळाशी एका सांध्यावर फिरतो, त्यामुळे त्याची स्वाभाविक वाट कमानीसारखी असते, सरळ रेषेची नाही. शेताच्या हद्दीची लांबलचक तिरपी रेष अंगठ्याने मागे मागे जात पकडायची असली की पॉइंटर बारीक लाटा घेत जातो. शिवाय सगळं काम एकट्या अंगठ्यावर येतं. तो थकला तर मदतीला दुसरं बोट नाही.

बोटांच्या प्रकारात तर्जनी आणि मधलं बोट एकत्र चेंडूवर असतात. एक ढकलतं, दुसरं हळूच अडवतं. या अडवण्यातच नेमकेपणा आहे. पॉइंटर हव्या त्या जागी पोहोचत आला की दुसरं बोट चेंडूवर नुसतं टेकवायचं, तो तिथेच थांबतो. तर्जनी दुखायला लागली तर अनामिका कामाला लावता येते, कधी तळहातानेही लोटता येतो. भार वाटला जातो. किंमत म्हणून सुरुवातीचे आठवडा-दोन आठवडे हात गोंधळतो, कारण क्लिक अंगठ्याने करायची सवय कोणालाच नसते.

माझं मत विचाराल तर: दिवसभर नकाशा, ड्रॉइंग, फोटो दुरुस्ती असं काम असेल तर बोटांचा प्रकार घ्या. मुख्य काम कीबोर्डचं आणि माउस अधूनमधून लागत असेल, तर अंगठ्याचा चालेल. पण अंगठा आधीच दुखत असेल तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेऊच नका, कोणी कितीही शिफारस केली तरी.

दुखणं नेमकं कुठे आहे?

"मनगट दुखतं" या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, आणि ट्रॅकबॉल त्यातल्या काहींना मदत करतो, काहींना त्रास.

माउस धरताना हात टेबलावर पालथा होतो, कोपरापुढची दोन हाडं एकमेकांवर पिळली जातात. त्यात माउस कीबोर्डच्या उजवीकडे, नंबर पॅडच्याही पलीकडे असतो, म्हणून खांदा बाहेर ताणलेला राहतो. आणि माउस डावीकडे-उजवीकडे नेताना मनगट करंगळीच्या बाजूला वळत राहतं. ट्रॅकबॉल यातलं खांद्याचं आणि करंगळीकडे वळण्याचं ओझं कमी करतो, कारण हात फिरतच नाही. खांदा आणि मानेच्या मधला भाग भरून येत असेल, किंवा मनगटाची करंगळीकडची बाजू दुखत असेल, तर फरक पडण्याची शक्यता चांगली आहे.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती विकणारे सांगत नाहीत. ट्रॅकबॉल वापरताना मनगट करंगळीकडे कमी वळतं, पण वरच्या बाजूला जास्त वाकतं. कारण उघड आहे: मोठ्या चेंडूचं यंत्र उंच असतं. टेबलावर मनगट टेकलेलं आणि बोटं वर चढलेली, अशी स्थिती तासन्‌तास राहिली तर मनगटाच्या आतून जाणाऱ्या मुख्य नसेवर दाब येतो. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर तो या नसेचा इशारा असू शकतो. अशा वेळी उंच ट्रॅकबॉल मनगटाच्या आधाराशिवाय वापरू नये. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माउसबरोबर मनगटाखाली ठेवायची गादी मिळते, ती डब्यातच पडू देऊ नका. स्लिमब्लेड मुळातच बुटका आहे. अंगठ्याच्या प्रकारातला एमएक्स एर्गो सपाट ठेवता येतो किंवा २० अंशात तिरपा करता येतो. तिरपा केला की हात अर्धवट उभा राहतो आणि ते पिळणं थोडं सुटतं. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तो तिरपा करून पाहिला, ते परत सपाट करत नाहीत.

आता अंगठा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन कंडरा एका अरुंद वाटेतून जातात. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवतात त्या कंडरा. सतत तीच हालचाल झाली की तिथे जाडी येते, घासायला लागतं, दुखतं. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे दुखणं त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. हल्ली मोबाइलवर सतत टाइप करणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही ते होतं. डॉक्टर एक साधी तपासणी करतात: अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवायची. अंगठ्याच्या मुळाशी झणकन कळ आली तर शंका येते. ही कळ येत असताना अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेणं म्हणजे दुखऱ्या जागेलाच दिवसभर कामाला लावणं. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, यंत्राची खरेदी नंतर.

ट्रॅकबॉल औषध नाही. तो दुखण्याची जागा बदलतो. योग्य निवडला तर भार अशा जागी जातो जिथे तो सोसतो, चुकीचा निवडला तर नव्या जागी दुखायला लागतं. म्हणून स्वतःचं दुखणं कुठलं आहे ते आधी ओळखायचं, मग यंत्र बघायचं.

मोठा चेंडू स्थिर का वाटतो

मोठ्या चेंडूवर पॉइंटर जास्त शांत चालतो, असं वापरणारे सगळेच सांगतात. यामागे सरळ गणित आहे. चेंडू फिरायला सुरुवात करताना जो विरोध करतो, तो त्याचं वजन आणि त्याची त्रिज्या दोन्हींवर अवलंबून असतो. एकाच पदार्थाचे दोन चेंडू घेतले, एक ३४ मिलिमीटरचा आणि एक ५५ चा, तर मोठ्याचं वजन सव्वाचार पट भरतं. पण फिरण्याला त्याचा विरोध सुमारे अकरा पट होतो, कारण इथे व्यासाचा पाचवा घात लागतो. म्हणून बोटाला जी सूक्ष्म थरथर असते, संध्याकाळी दमल्यावर तर जास्तच, ती मोठा चेंडू गिळून टाकतो. आणि जोरात फिरवून सोडला तर तो थोडा वेळ आपोआप फिरत राहतो, मोठा नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका फटक्यात पार होतो.

लहान चेंडू हलका, चटकन उत्तर देणारा. काहींना तोच आवडतो. पण एकेक पिक्सेल गाठायचा असेल तेव्हा वजनदार चेंडूचा आधार वेगळाच असतो.

खरा नेमकेपणा बेअरिंगमध्ये

हा भाग जास्त लक्ष देऊन वाचा, कारण याबद्दल डब्यावर सहसा काहीच लिहिलेलं नसतं.

ट्रॅकबॉलमधून चेंडू काढून आतल्या वाटीत बघा. तीन ठिकाणी मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे, लाल किंवा चंदेरी ठिपके दिसतील. चेंडू वाटीला कुठेच टेकत नाही, तो या तीन टेकूंवर, म्हणजेच बेअरिंगवर, तोललेला असतो. बहुतेक ट्रॅकबॉलमध्ये हे टेकू स्थिर असतात, कठीण सिरॅमिकचे, कृत्रिम माणकाचे किंवा स्टीलचे, आणि चेंडू त्यांच्यावर घसरतो. घसरताना दोन प्रकारचं घर्षण असतं: चेंडू थांबलेला असताना त्याला हलवायला लागणारं, आणि तो फिरत असताना लागणारं. पहिलं नेहमी थोडं जास्त. हा फरक वाढला की नेमकेपणा संपतो. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण आठवा. हळू ओढला तर हलत नाही, जोर वाढवला तर एकदम सगळा बाहेर. पॉइंटर दोन पिक्सेल सरकवायचा असताना तो आधी हलतच नाही आणि मग दहा पिक्सेल उडी मारतो, तेव्हा नेमकं हेच होत असतं. लोक अशा वेळी डीपीआय बदलत बसतात. डीपीआयचा त्यात काही दोष नसतो.

काही ट्रॅकबॉलमध्ये टेकूंच्या जागी खरोखर फिरणारी बारीक बेअरिंग असतात. एलेकॉमचा आयएसटी नावाचा ट्रॅकबॉल दोन्ही प्रकारांत मिळतो, माणकाच्या टेकूंचा आणि फिरत्या बेअरिंगचा. फिरत्या बेअरिंगवर चेंडू सुरू व्हायला अडत नाही, लोण्यासारखा चालतो. पण बेअरिंगचा हलका खरखराट बोटाला जाणवतो, आवाजही येतो. शांत खोलीत काम करणाऱ्यांना तो खटकतो. मला स्वतःला स्वच्छ ठेवलेले स्थिर टेकू पुरेसे वाटतात.

स्वच्छ ठेवलेले, हे त्यातलं महत्त्वाचं. बोटाचा घाम आणि तेलकटपणा चेंडूवर जातो, त्याला धूळ चिकटते, आणि चेंडू फिरत फिरत ती सगळी त्या तीन टेकूंवर आणून साठवतो. राखाडी रंगाची, दाबलेल्या लोकरीसारखी छोटी गुंडी तयार होते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हे फार लवकर होतं. बाहेर धुळीची वावटळ, खिडकीत कूलर, आणि कूलरची दमट हवा थेट टेबलावर. घामेजलेलं बोट चेंडूला चिकटतं आणि धूळ टेकूंवर बसते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी चेंडू काढून साफ करायचा, हा नियम ठेवा.

साफ करणं एका मिनिटाचं काम आहे. लॉजिटेकच्या ट्रॅकबॉलला खालून एक भोक असतं, त्यातून पेन्सिलीचं मागचं टोक घालून चेंडू ढकलला की तो हातात येतो. एक्स्पर्ट माउस नुसता उलटा केला तरी चेंडू बाहेर पडतो, खाली हात धरा, नाहीतर तो थेट फरशीवर. टेकूंवरची गुंडी नखाने किंवा लाकडी टूथपिकने काढा, चाकू-पिन नको. सेन्सरच्या काचेवर केस किंवा कापसाचा तंतू आहे का ते बघा, तो असला की पॉइंटर उगाच थरथरतो. चेंडू साबणाच्या पाण्याने धुवून मऊ कापडाने पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, चकाकी जाते. धुतल्यावर चेंडू आधीपेक्षा अडखळत चालतो, त्याने घाबरू नका. तो अगदी कोरडा झालेला असतो. तळहातावर किंवा नाकाच्या बाजूला दोन-चार वेळा घासा, त्वचेचा हलका तेलकटपणा लागला की पुन्हा मऊ चालतो.

डीपीआयचा आकडा कसा वाचायचा

चेंडूचा पृष्ठभाग एक इंच सरकला तर पॉइंटर किती पिक्सेल सरकेल, तो आकडा म्हणजे डीपीआय. समजा पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे. ४०० डीपीआयवर तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओलांडायला चेंडू १२२ मिलिमीटर फिरवावा लागेल. अंगठा एका वेळी फार तर तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चार वेळा उचलून ठेवावा लागणार. १६०० डीपीआयवर हेच अंतर साधारण ३० मिलिमीटरमध्ये, एका झटक्यात होतं. पण मग एक मिलिमीटरला ६३ पिक्सेल पडतात. ४०० वर एक मिलिमीटरला फक्त १६. म्हणजे लांब जाणं आणि बारीक थांबणं, हे दोन्ही एका आकड्याने मिळत नाही.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे. माउसच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची एक खूण असते. ती चालू असली की चेंडू हळू फिरवल्यावर पॉइंटर आणखी हळू जातो, जोरात फिरवल्यावर आणखी लांब. गेम खेळणारे माउससाठी ती बंद करायला सांगतात आणि त्यांच्या कामासाठी ते बरोबर आहे. ट्रॅकबॉलला मात्र मी ती चालूच ठेवायला सांगेन, कारण बोटांचा पल्ला कमी असतो. डीपीआय मध्यम, आठशेच्या आसपास, आणि ही खूण चालू, इथून सुरुवात करा. एमएक्स एर्गोला चेंडूशेजारी एक बटण आहे, ते दाबलं की पॉइंटर तात्पुरता मंद होतो. बारीक कामात ते फार उपयोगी पडतं.

क्लिक सोपं, ओढणं अवघड

ट्रॅकबॉलचा सगळ्यात मोठा फायदा क्लिक करताना कळतो. माउसवर बटण दाबलं की अख्खा माउस किंचित हलतो, पॉइंटर एखादा पिक्सेल सरकतो. ट्रॅकबॉलवर पॉइंटर जागेवर आणून बोट उचललं की तो हलायला कारणच उरत नाही, मग क्लिक करा. नकाशा डिजिटाइझ करताना हे सोन्यासारखं आहे. नाल्याची कडा, शेताचा बांध, रस्त्याचं वळण, प्रत्येक कोपऱ्यावर पॉइंटर आणायचा, थांबायचं, क्लिक करायचं, पुढच्या कोपऱ्याकडे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर असे हजारो बिंदू पडतात आणि प्रत्येक बिंदू जिथे ठेवला तिथेच राहतो.

बटण दाबून धरून ओढायचं असेल तर मात्र गोष्ट उलटी. १९९१ मध्ये मॅकेन्झी, सेलेन आणि बक्स्टन यांनी माउस, पेन टॅबलेट आणि ट्रॅकबॉल यांची तुलना केली, तेव्हा ओढण्याच्या कामात ट्रॅकबॉल सगळ्यात मागे पडला होता. कारण हात पाहिला की समजतं: अंगठा बटण दाबून धरतो तेव्हा शेजारची बोटंही ताठ होतात, आणि त्याच ताठ बोटांनी चेंडू अलगद फिरवायचा असतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचे तुकडे इकडून तिकडे ओढणाऱ्याला हे रोज जाणवेल. इथे अंगठ्याचा प्रकार थोडा बरा पडतो, कारण बटण तर्जनीकडे आणि चेंडू अंगठ्याकडे असतो, दोघं एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत.

बोटांचा प्रकार घेणाऱ्यांसाठी दोन युक्त्या. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये माउसच्या खिडकीत 'क्लिकलॉक' आहे. ते चालू केलं की बटण क्षणभर दाबून सोडायचं, संगणक ते दाबलेलंच समजतो. मोकळ्या बोटांनी चेंडू फिरवायचा आणि शेवटी पुन्हा एकदा क्लिक. दुसरी, मजकूर किंवा चित्र जवळपास आणून सोडायचं आणि शेवटचं सरकवणं बाणांच्या कळांनी करायचं.

ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट खरेदीआधीच तपासावी. ड्रॉइंग सरकवण्यासाठी चाक दाबून धरायची सवय असते. एक्स्पर्ट माउस आणि ऑर्बिटवर चाक नसून चेंडूभोवती फिरणारी कडी असते, आणि कडी दाबली जात नाही. एक्स्पर्टला चार बटणं आहेत, त्यातलं एक कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून मधल्या क्लिकला देता येतं. ऑर्बिटला दोनच बटणं, तिथे दोन्ही एकदम दाबून ते काम करून घ्यावं लागतं. स्लिमब्लेडला तर कडीही नाही, चेंडूच जागच्या जागी पिळला की पान वर-खाली सरकतं. वाचनाला छान आहे, पण बारीक काम करताना चेंडू चुकून पिळला जातो, ही त्याची खोट.

आणि हाताने चित्र काढायचं असेल तर ट्रॅकबॉलच्या नादी लागू नका. त्याला पेन टॅबलेटच हवा.

घेण्याआधी

डावखुऱ्यांनी अंगठ्याचे बहुतेक ट्रॅकबॉल आधीच बाजूला ठेवावेत, ते उजव्या हाताचेच असतात. एलेकॉमने डाव्या हातासाठी एक काढला आहे. एरवी एक्स्पर्ट, ऑर्बिट, स्लिमब्लेड हे दोन्ही बाजूंनी सारखेच, कुठल्याही हाताला चालतात. उजव्या हातानं काम करणाऱ्यांनाही याचा एक उपयोग आहे: डाव्या हाताला ट्रॅकबॉल, उजव्याला माउस ठेवून भार वाटता येतो.

आपल्याकडे दुकानात ट्रॅकबॉल उघडून हातात घ्यायला मिळेलच असं नाही. म्हणून घरच्या घरी एवढं करून पाहा. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे ऑर्बिटच्या चेंडूएवढा. स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा, म्हणजे ह्यूजच्या जवळपास. नेहमीच्या खुर्चीत बसून, नेहमीच्या टेबलावर, असा चेंडू छोट्या वाटीत ठेवा आणि कोपर टेकवून बोटं त्यावर ठेवा. चेंडू कसा फिरतो ते बघायचं नाही, मनगट किती वर वाकलं ते बघायचं. वाकत असेल तर टेबल उंच आहे किंवा मनगटाला आधार लागेल. हात लहान असेल आणि मोठ्या चेंडूवर बोटं ताणून ठेवावी लागत असतील तर ५५ मिलिमीटरचा हट्ट सोडा, ४० चा घ्या. ऑनलाइन मागवताना परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते मात्र आधी वाचा, कारण हाताचा खरा कौल पहिल्या दोन दिवसांत येत नाही.

यंत्र आलं की ते कीबोर्डच्या अगदी जवळ ठेवा. त्याला सरकायला जागा लागत नाही, मग खांदा बाहेर ताणायचं कारणच नाही. नंबर पॅड फारसा लागत नसेल तर बिनापॅडचा छोटा कीबोर्ड घेतल्याने ते आणखी आत येतं. पहिला आठवडा घाईचं काम नसेल असा निवडा, मार्चअखेर किंवा लग्नसराईत सुरुवात नको. जुना माउस काढून खणात ठेवा, कारण तो समोर असला की अडलं तिथे हात त्याच्याकडेच जातो आणि नवी सवय लागत नाही. तासाभराने बोटं चेंडूवरून उचलून मोकळी करा. आणि दोन आठवड्यांनंतरही एखाद्या जागी नवी कळ येत असेल, तर सवय होईल म्हणून सोसत बसू नका. मुदतीत परत करा आणि दुसऱ्या प्रकारचा मागवा.